सूर्यफुलांची भिंत

धुरपताबाई शनिवारी सकाळच्या एसटीनं उदगीरहून आल्या, तेव्हा बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सतरंजीवर पिवळ्या पतंगी कागदाचे ताव पसरले होते, कोपऱ्यात मैद्याच्या खळीचं पातेलं होतं आणि मधोमध मांडी घालून सिंधु कात्रीनं पाकळ्या कापत होती. शेजारी तिची नात अंबिका ताटलीभर कारळ घेऊन बसली होती.

"हे काय मांडलंय गं?" धुरपताबाईंनी पिशवी दारातच टेकवली.

"सूर्यफुलं," अंबिका म्हणाली. "शंभर करायचीत. उद्या मला सहा वर्षं पुरी व्हनार हायेत."

"आन् ह्या कारळाचं काय?"

"ते मधी चिकटवायचं. ते बी असतंय."

"चटनीचं कारळ भिंतीला चिकटवून राहिल्या व्हय? सिंधु, पोरीनं सांगितलं म्हनून तू बी तसंच?"

सिंधु हसली, पण नणंदेकडे बघून हसणं तिला जड गेलं. धुरपताबाई वाढदिवसाला आल्या आहेत असं घरात सगळे धरून चालले होते. त्यांना फोन करून बोलावून कुणी घेतलं, ते फक्त सिंधुला ठाऊक होतं.

सिंधुच्या थोरल्या मुलाला, बालाजीला जाऊन तीन वर्षं झाली होती. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं, लातूरच्या दवाखान्यात नेलं आणि परत आणलं ते तसंच. तेव्हा त्याची लेक अंबिका तीन वर्षांची होती, बायको उज्वला अठ्ठावीसची. उज्वला माहेरी गेली नाही. टायपिंगच्या क्लासला शिकवायला लागली, सासूसासऱ्यांचं करत राहिली. आणि आता संक्रांतीच्या आधी एका संध्याकाळी जेवणं झाल्यावर तिनं सांगितलं होतं, की नांदेडच्या रेल्वे ऑफिसात गंगाधर नावाचे एक जण आहेत, त्यांचीही बायको वारलेली आहे, आणि पुढच्या महिन्यात नोंदणी पद्धतीनं लग्न करायचं ठरतंय.

सासरे, आप्पासाहेब, ताटावरून उठले. त्या दिवसापासून ते सुनेशी एक शब्द बोलले नव्हते. सिंधुला मात्र त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं, "तिला जायचं तर जाऊ दे. पोरगी ह्या घरातून हलनार न्हाई."

आणि ते ऐकून सिंधुला सुटल्यासारखं वाटलं होतं. खरं तेच होतं. तिनं उज्वलाच्या पाठीवर हात ठेवून "मी हाय ना, काळजी करू नकोस" म्हटलं होतं, आणि त्याच दुपारी गच्चीवर जाऊन उदगीरला फोन लावला होता. आक्का, तुम्ही या. तुमचं आप्पा ऐकत्यात, उज्वलाबी ऐकल. पोरगी न्यायची न्हाई एवढं तिच्याकडून कबूल करून घ्या. माझ्यानं तिला तोंडावर सांगवनार न्हाई.

"पन सूर्यफुलंच कामून?" धुरपताबाई आता सतरंजीच्या कडेला बसल्या होत्या. "पोरींना बाहुल्या आवडत्यात, मोर आवडतोय."

अंबिका उठली, आतून आईचा जुना मोबाइल घेऊन आली आणि त्यातला फोटो तिनं आत्याआजीच्या नाकासमोर धरला. बालाजी कमरेएवढ्या सूर्यफुलांत उभा होता, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, ऊन डोळ्यांवर येत असल्यानं डोळे किलकिले. लग्नाच्या वर्षीचा फोटो. त्यानंतर आप्पासाहेबांनी सूर्यफूल पेरलं नाही, सगळं सोयाबीनवर आलं.

"हे शेत पाहिजे मला," अंबिका म्हणाली. "ह्या भिंतीवर. बाबाचं."

धुरपताबाईंनी फोटो बराच वेळ बघितला. मग पदरानं हात पुसले आणि म्हणाल्या, "आन इकडं कात्री. तुझी आजी पाकळी लई रुंद कापून राहिली."

दुपारी उज्वला क्लासहून आली तोवर चाळीस फुलं झाली होती. शिवमही नांदेडहून पोचला होता. सिंधुचा धाकटा मुलगा, विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला. आल्या आल्या तो स्टुलावर चढून भिंतीवर सुतळीच्या ओळी बांधायला लागला. उज्वलानं पर्स खुंटीला लावली, हातपाय धुतले आणि हिरव्या कागदाची पानं कापायला बसली. तिचा हात लवकर चालायचा. कागदाला एक घडी, मग दुसरी, कात्रीचा एकच वळसा, की सहा पानं सुटून यायची.

"क्लासला मुली किती हायेत?" धुरपताबाईंनी विचारलं.

"तीस."

"नांदेडलाबी असा क्लास मिळंल?"

उज्वलाची कात्री थांबली नाही. "मिळेल ना आक्का. विचारून ठेवलंय."

"न्हाई, मी म्हनते, नवं घर, नवं काम, नवं मानूस. त्यात लेकरू सांभाळायचं म्हंजे तुझीच वढाताण. पोर इथं राहिली तर तुलाच मोकळीक. दर शनवारी ये, भेट, जा. कोन नको म्हनतंय?"

स्टुलावर शिवम वळला. "आत्या, तुला कुणी सांगितलं हे बोलायला? आप्पांनी?"

"मला कोन सांगल? मला डोळे न्हाईत?"

"वहिनी पोरीला टाकून जाणार नाहीत. आन् गंगाधरराव तसे मानूस नाहीत. मी भेटलोय त्यांना दोनदा."

"तू भेटलास?" सिंधुच्या तोंडून गेलं.

"हाव. मेसचं जेवण सोडून त्यांच्याकडं जेवून बी आलो. पिठलं छान करतात."

उज्वला खाली मान घालून हसली. किती दिवसांनी हसली, असं सिंधुला वाटलं, आणि लगेच तिला अपराधी वाटलं. मुलगा तिकडे जेवून आला आणि आपल्याला पत्ता नाही. सगळे आपापल्या बाजूला जाऊन बसले होते, आणि ती सगळ्यांच्या बाजूनं बोलत, एकाच्याही बाजूला नव्हती.

उज्वला सासूकडे सरकली. सासूला ती गावाकडच्या रीतीनं आत्याबाई म्हणायची. "आत्याबाई," हलक्या आवाजात ती म्हणाली, "आक्कांना तुम्ही समजावून सांगाल ना? तुमच्याशिवाय इथं माझं कुणी ऐकणारं नाही."

"सांगते," सिंधु म्हणाली आणि बोटाला लागलेली खळ खरवडत बसली.

चारच्या सुमाराला चिकटवलेली फुलं वाळवायला सिंधु आणि अंबिका गच्चीवर गेल्या. थंडीचे दिवस, ऊन सौम्य होतं. सुपात फुलं मांडून अंबिका त्यांच्याजवळ उकिडवी बसली. वारा आला की दोन्ही हात पसरून फुलं दाबून धरायची.

"आजी, आत्याआजी म्हनली की मी इथंच राहनार हाय. तुझ्यापाशी."

सिंधुनं ऐकलं. ह्या पोरीशी परस्पर बोलायचं नाही, एवढं तरी धुरपताबाईंना सांगायला हवं होतं. "मग? तुला आवडंल का?"

अंबिकेनं विचार केला. "आवडंल. पन मग आईला कोन थोपटनार?"

"आईला?"

"ती पहाटं उठून रडती. भिंतीकडं तोंड करून. मग मी पाठीवर थोपटते. बाबा गेल्यापासून. तिला वाटतंय मी झोपेतच थोपटून राहिले, म्हनून ती काही बोलत न्हाई." तिनं एक उलटलेलं फूल सुलटं केलं. "आता कमी रडती. पन नव्या घरी रडली तर? गंगाधरकाकाला माहीत न्हाई कसं थोपटायचं. जोरात थोपटलं तर ती जागी व्हती."

भिंतीपलीकडच्या खोलीत सिंधु तीन वर्षं झोपत होती. सकाळी उठून उज्वलानं ठेवलेला चहा पीत होती, तिचे सुजलेले डोळे बघून "जागरण करू नकोस गं" म्हणत होती. सून सावरली असंच तिनं धरलं होतं. सावरलेली माणसं दुसरं घर शोधत नाहीत, एवढंही तिच्या लक्षात आलं नव्हतं. आणि हे एवढंसं लेकरू दिवसा कुणाला काही न सांगता आपलं काम करत राहिलं होतं.

"आजी, तू कामून रडून राहिलीस?"

"कारळ गेलं डोळ्यात."

"कारळाची ताटली खाली हाय," अंबिका म्हणाली. पण तिनं पुढं विचारलं नाही. उठून आली आणि आजीच्या पाठीवर अगदी हलके हात टेकवून थोपटत राहिली.

रविवारी दुपारपर्यंत भिंत भरली. खालच्या ओळीला मोठी फुलं, वर लहान, मधून उज्वलाची हिरवी पानं. शिवमनं लांबून बघितलं आणि म्हणाला, "नव्वद झाली. दहा कमी पडतायत."

"कमी न्हाई पडनार," अंबिका म्हणाली.

तिचा तो ठामपणा कशाचा होता ते तासाभरानं कळलं. दाराशी रिक्षा थांबली आणि निळा शर्ट घातलेला, कपाळावरून केस विरळ झालेला एक माणूस खाली उतरला. हातात मोठी कापडी पिशवी. उज्वला स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच थबकली.

"तुम्ही? मी तर सांगितलं नव्हतं..."

"मी सांगितलं," अंबिका म्हणाली. "तुझ्या फोनवरून."

गंगाधर उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "मला बोलावणं होतं की दहा फुलं घेऊन या. नाही म्हणता आलं नाही. देऊन लगेच परत जातो." त्यानं पिशवी उघडली. जुन्या फायलींच्या पिवळ्या पुठ्ठ्यांची फुलं. पाकळ्या एका मापाच्या नव्हत्या, मध्ये काळ्या शाईनं रंगवलेले गोल, काही ठिकाणी शाई पाकळ्यांवर उतरलेली.

धुरपताबाईंनी एक उचलून उलटंसुलटं केलं. "ही सूर्यफुलं हायेत का बाजरीच्या भाकरी?"

"आठवडाभर बसलो होतो आक्का. पहिली वीस तर ह्याहून वाईट होती."

धुरपताबाईंना हसू आवरेना. त्यांच्यामागून शिवम हसला, मग अंबिका. सिंधु पुढं झाली. "आत या," ती म्हणाली. "आपल्या हातानं लावून जा."

तो स्टुलावर चढून शेवटचं फूल बांधत होता, तेव्हा आप्पासाहेब शेतावरून आले. तुरीची मळणी चालू होती. धोतरावर, भुवयांवर भुसा. ते दारात उभे राहिले आणि त्यांची नजर आधी भिंतीवर गेली. शंभर पिवळी फुलं. ते बघतच राहिले. त्यांनी आधार घ्यावा तसा चौकटीवर हात ठेवला. मग त्यांना स्टुलावरचा माणूस दिसला.

गंगाधर खाली उतरला. "नमस्कार. मी..."

"ठाऊक हाय." आप्पासाहेबांनी डोक्याचा टॉवेल काढून झटकला. "बरं झालं आलात. आक्का बी हाय. सगळे हायेत तर बोलून टाकू."

शिवमनं न सांगता अंबिकेचा हात धरला आणि शेजारच्या पोरांना बोलावून आणू म्हणत तिला बाहेर नेलं.

"पाव्हणं, तुमच्यावर माझा राग न्हाई," आप्पासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर सिंधुला बरं वाटलं असतं. "उज्वलावर बी न्हाई. माझी लेक असती आन् तिच्यावर हे आलं असतं, तर मीच दुसरीकडं दिली असती. पन अंबिका बालाजीची हाय. माझ्या लेकाचं एवढंच राहिलंय. ती इथं राहील. हेच्यात मागंपुढं व्हनार न्हाई."

उज्वला पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग तिनं ते सोडलं. "मामा, मग मीही जात नाही."

आप्पासाहेबांनी तिच्याकडे वळून बघितलं.

"हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. अंबिका येणार नसेल तर लग्न नाही." तिनं गंगाधरकडे बघितलं. त्यानं मान हलवली, पण त्याचा चेहरा उतरला होता. "मी इथंच राहीन. आधी राहत होते तशी."

खोलीत कागदाचा आणि खळीचा आंबूस वास होता. सिंधु कपाटाला टेकून उभी होती. तिला एकदम उमगलं, की आता तिला काहीच करायचं नाही. गप्प राहिलं की झालं. नात राहील, सून राहील, सकाळचा चहा राहील. कुणाला फोनचं कळणारही नाही. तीन माणसं आपसांत ठरवून मोकळी झाली होती आणि तिला हवं ते सगळं आयतं तिच्या पदरात पडलं होतं.

"आत्याबाई, तुम्ही तरी मामांना सांगा ना," उज्वला म्हणाली. आवाजात आशा नव्हती, सवयीनं विचारल्यासारखं.

सिंधुनं तोंड उघडलं आणि ते बोलणं तिलाच लांबून ऐकू आलं. "आक्कांना फोन मी केला होता."

"सिंधु," धुरपताबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "कशाला आता..."

"न्हाई आक्का, बोलू द्या. उज्वला, मी तुला म्हनले मी हाय तुझ्या बाजूनं. खोटं होतं ते. त्याच दिवशी मी आक्कांना सांगितलं, पोर ठेवून घ्यायला लावा म्हनून. माझ्यात तोंडावर बोलायची हिंमत नव्हती."

उज्वला बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर सिंधुनं झेलला असता. आलं ते निराळंच होतं. आधाराला धरलेली फांदी हातातच आली म्हणजे माणूस बघतं तसं.

सिंधु नवऱ्याकडे वळली. "तुमी म्हनता बालाजीचं एवढंच राहिलं. मला बी तसंच वाटत होतं. पन अहो, ते लेकरू तीन वर्षं पहाटं उठून आईला थोपटतंय. आई रडती म्हनून. काल गच्चीवर सांगितलं तिनं मला. आपुन पलीकडं झोपलो होतो. तुमाला ठाऊक होतं? मला न्हाई."

उज्वलाचा हात तोंडाशी गेला. "ती जागी असायची?"

"जागी असायची. आन् तिला घोर लागलाय, ती इथं राहिली तर तुला कोन थोपटंल." सिंधु कपाटापासून पुढं आली. "सा वर्षांच्या पोरीला आपुन हे काम लावलंय. आता तिनं आपली बी राखण करायची का? तिला तिच्या आईबरोबर जाऊ द्या. दोघींना हसत जाऊ द्या. मला लई जड जानार हाय. तुमाला बी जाईल. पन ते आपुन दोघं बघू."

"मला न इचारता तू ठरवून टाकलंस?" आप्पासाहेब म्हणाले.

"हाव. चाळीस वर्षांत पहिल्यांदा."

आप्पासाहेबांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि ते मागच्या दारानं बाहेर गेले. न्हाणीत पाण्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला.

पोरं आली. पंधरा-वीस पोरं, भिंत बघून सगळ्यांनी एकच गिल्ला केला, एकानं खालच्या ओळीतलं कारळ खाऊनही बघितलं. केक कापायची वेळ झाली तरी अंबिका सुरी हातात घेईना. "आबा कुठं हायेत?" ती दारांकडे बघत राहिली. शिवम उठणार तोच आप्पासाहेब स्वतःच आले. धुतलेला सदरा, ओले केस. ते नातीच्या मागं जाऊन उभे राहिले. केक कापून झाल्यावर तिनं घास वर केला तेव्हा वाकले, खाल्ला, आणि वाकलेलेच राहून भिंतीकडे तोंड करून त्यांनी डोळे पुसले. पोरांच्या गोंगाटात ते कुणी पाहिलं नाही. सिंधुनं पाहिलं.

पुऱ्या संपत आल्या तशी सिंधु स्वयंपाकघरात परातीत कणीक मळायला बसली. उज्वला येऊन तिच्यासमोर लाटायला बसली. सिंधुनं कढई चढवली, पाच-सहा पुऱ्या तळून झाल्या.

"तुम्ही मला म्हणाला असता," उज्वला म्हणाली, "की तुम्हाला सोसवणार नाही, तर मला वाईट वाटलं नसतं."

"ठाऊक हाय."

"मला थोडे दिवस लागतील, आत्याबाई."

"लागू दे," सिंधु म्हणाली. "मी हाय इथंच."

लाटलेली पुरी उज्वलानं सासूच्या हातात दिली, आणि पुढची लाटायला घेतली.

पोरं पांगली, ऊन उतरलं, तेव्हा गंगाधर निघाला. त्याला नांदेडची पाचची गाडी गाठायची होती. त्यानं सिंधुला, धुरपताबाईंना वाकून नमस्कार केला. आप्पासाहेब दाराशी खुर्चीवर बसले होते. त्यांच्यासमोर तो वाकला तेव्हा ते दुसरीकडे बघत म्हणाले, "शाळा किती लांब हाय?"

"घरापासून दहा मिनिटं. मी सोडीन. ऑफिसच्या वाटेवरच आहे."

"तिला दुधावरची साय चालत न्हाई. गाळून द्यावं लागतंय."

"बरं."

"ताप आला तर अंगावर काढायचा न्हाई. एक दिवस बी न्हाई. कळलं?"

"कळलं, मामा."

आप्पासाहेब उठले, चप्पल पायात सरकवली. "चला. स्टँडपतूर येतो."

सिंधु दारात आली. उज्वला तिच्या मागून आली आणि दुसऱ्या चौकटीला टेकून उभी राहिली. रस्त्यावर ती दोन माणसं चालत निघाली होती, एक पुढं, एक अर्धं पाऊल मागं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाशी आप्पासाहेब थांबले. काहीतरी सांगायला लागले. एक बोट वर, मग दुसरं, मग तिसरं. गंगाधर मान हलवत होता. नांदेडची गाडी फाट्यावरून वळत असल्याचा हॉर्न ऐकू आला, तरी त्यांचं संपेना.

अंबिका दोघींच्या मधून डोकं काढून बघत होती. "आबा काय सांगून राहिलेत त्यांना?"

"तुझंच," सिंधु म्हणाली. "सगळं तुझंच."